भूजलचं कुत्रं

राधाकिशन ताठे यांच्या सेवापुस्तकात सत्तावीस वर्षांत एकही वाईट शेरा नव्हता. चांगलाही नव्हता, पण त्याची त्यांना खंत नव्हती. परभणीच्या भूजल कार्यालयात ते आस्थापना शाखेत होते. म्हणजे रजा, वेतनवाढ, बदल्या आणि इतरांची सेवापुस्तकं. सेलूहून सकाळच्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. भूजल खात्यात इतकी वर्षं काढून त्यांनी जमिनीखालचं पाणी कधी पाहिलं नव्हतं, आणि तशी वेळही त्यांच्यावर कुणी आणली नव्हती. ती वेळ एका कुत्र्यानं आणली, आणि सेवापुस्तकात पहिला शेराही त्याच्याचमुळे पडला.

कुत्रं आणलं भक्तीनं. भक्ती ही ताठ्यांची एकुलती एक मुलगी, परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकत होती आणि तिथंच होस्टेलवर राहत होती. जानेवारीतल्या एका शुक्रवारी ती घरापुढं रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या हातात नुसती दोरी होती. दोरीला असायचं ते कुत्रं तोवर घरात जाऊन, स्वयंपाकघर बघून, मागच्या दारानं बाहेर पडून पुन्हा तिच्यापाशी आलं होतं. पांढरं अंग, त्यावर तपकिरी ठिपके, लोंबते कान आणि नको इतके लांब पाय. देवगाव फाट्यावर एका ढाब्यामागं ते खांबाला बांधलेलं सापडलं होतं. पांढऱ्या गाडीतून आलेला माणूस 'आलोच' म्हणून गेला, त्याला तीन दिवस झाले होते.

"पॉइंटर हाय पप्पा," भक्ती म्हणाली. "पाखरं शोधणारं कुत्रं. पाखराचा वास आला की एक पाय वर उचलतं आन् दगडावानी उभं ऱ्हातं. हॉस्टेलात चालत न्हाई. चारच दिवस ठेवायचंय. आपण नुसते फॉस्टर."

फॉस्टर म्हणजे काय, हे तिनं समजावून सांगितलं. कुत्रं आपलं नाही. पण खायला आपण घालायचं, फिरवायचं आपण, आजारी पडलं तर धावपळ आपण करायची, आणि चांगलं घर मिळालं की हसतमुखानं देऊन टाकायचं. जबाबदारी सगळी, हक्क कसलाच नाही. ताठे साहेबांना हे लगेच कळलं. सरकारात याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात आणि तो त्यांनी एकंदर अकरा वर्षं सांभाळला होता. तोही दर वेळी चारच दिवसांसाठी आलेला असायचा.

भक्तीनं कुत्र्याचं नाव मार्शल ठेवलं होतं. सत्यशीलाबाईंनी, म्हणजे ताठे साहेबांच्या पत्नीनं, ते एकदा म्हणून बघितलं आणि त्याला ठिपक्या म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या दोनच अटी होत्या: देवघरात यायचं नाही आणि ताटापाशी यायचं नाही. रविवारपर्यंत त्यानं दोन्ही मोडल्या. सोमवारी सत्यशीलाबाई एक जास्तीची भाकरी थापताना दिसल्या. "पीठ उरलं होतं," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या घरात पीठ रोज उरू लागलं.

खरी अडचण होती ती कुत्र्याच्या पायांची. ते सकाळी उठल्यापासून पळायचं. फाटकापासून मागच्या नळापर्यंत आणि नळापासून फाटकापर्यंत. ताठे साहेबांना चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेसाठी रोज पाऊण तास चालायला सांगितलं होतं. तो कागद त्यांनी व्यवस्थित फाइलला लावून ठेवला होता. आता त्याची अंमलबजावणी झाली, आणि चालण्याऐवजी पळण्यानं झाली. पहिल्याच दिवशी स्टेशन रोडवर त्यांची एक चप्पल पोस्टासमोर राहिली आणि ते स्वतः बाजार समितीपर्यंत पोचले. दूधवाल्यानं सायकल थांबवून विचारलं, "साहेब, तुमी कुत्रं फिरवायलाव का कुत्रं तुमाला फिरवायलंय?" ताठे साहेबांनी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला लागतो तो श्वास त्यांच्याजवळ नव्हता.

कुत्रं थांबायचं ते एकाच ठिकाणी. शेजारच्या पार्वतीबाईंच्या परसात कोंबड्यांचं खुराडं होतं. तिथं आलं की ते एक पाय उचलायचं, शेपूट सरळ करायचं आणि वीस वीस मिनिटं हलायचं नाही. दोरी धरून ताठे साहेबांनाही तिथंच उभं राहावं लागायचं, आणि खुराड्याच्या बरोबर मागं पार्वतीबाईंची न्हाणी होती. चौथ्या दिवशी पार्वतीबाई सत्यशीलाबाईंकडं आल्या. "तकरार न्हाई माझी," त्या म्हणाल्या, "पण तुमचे मालक रोज सकाळी आमच्या परसात टक लावून उभे ऱ्हातेत. माणूस चांगला हाय, म्हणून आधी तुमाला सांगायलेय." सत्तावीस वर्षांत ताठे साहेबांविषयी अशी तोंडी तक्रारसुद्धा आली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं, की या कुत्र्याला घर शोधायचं.

या कामात त्यांना सिद्धोधन गुरुजींची मदत झाली. गुरुजी समोरच राहायचे. निवृत्त मुख्याध्यापक, घरी मोटार असलेले, आणि कुणाचंही काम अंगावर घ्यायला कायम मोकळे. त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात जाहिरात लिहिली: 'देणे आहे. उंच, सुस्वभावी, निर्व्यसनी, शाकाहारी.' शाकाहारी हे खरं नव्हतं, पण त्यानं घरं वाढतील असं गुरुजींचं मत होतं. ती व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. बियाण्याच्या एका दुकानदारानं राखणीसाठी म्हणून कुत्रं नेलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत आणलं. गोदामाच्या आढ्यावर पारवे होते. कुत्रं दुपारभर आढ्याकडं बघत दारात उभं राहिलं आणि गिऱ्हाइकं त्याला ओलांडून जात राहिली. दुसरे एक निवृत्त अधिकारी होते, त्यांना पायाशी बसून राहणारं कुत्रं हवं होतं. ठिपक्या त्यांच्या पायाशी बसला, पण चार सेकंद.

शिवाय भक्तीचा अर्ज होता. तिच्या प्राणीमित्रांच्या गटानं कुत्रं घेणाऱ्यासाठी बत्तीस प्रश्नांचा अर्ज केला होता. दिवसातून किती वेळ बांधून ठेवणार, पळायला जागा किती, तुम्ही गावाला गेलात तर कोण बघणार, हे कुत्रं तुम्हाला कशासाठी हवं आहे. माणसं दुसऱ्या पानापर्यंत यायची आणि मग मांजराची चौकशी करायची. ताठे साहेबांनी आयुष्यभर लोकांकडून अर्ज भरून घेतले होते. अर्ज लांब असला की अर्जदार कमी होतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते आजवर त्यांच्या सोयीचं होतं, एवढंच.

चार दिवसांचे चोवीस दिवस झाले. मग भक्तीचा फोन आला. तिचा आवाज बसला होता.

"पप्पा, घर मिळत नसंल तर गट त्याला पुण्याकडच्या शेल्टरला पाठवायलाय. सोळा तारखेला, सोमवारी गाडी येणार. मी फोटो बघितलेत. चार बाय सहाचा पिंजरा हाय. त्याला तिथं ठेवलं तर ते आठ दिवसांत..."

"मी बघतो," ताठे साहेब म्हणाले.

कार्यालयात ते 'मी बघतो' म्हणाले की काहीही होणार नाही हे सगळे समजून जायचे. या वेळी मात्र फोन ठेवल्यावर ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. कुत्र्यानं त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवली होती. ते पिंजऱ्यात गेलेलं आपल्याला सहन होणार नाही, हे त्यांना त्या वेळी स्वच्छ कळलं. पण आपल्या तीन खोल्यांत तरी ते किती दिवस सुखानं राहील, हेही दिसत होतं.

वालूरचे आबासाहेब हे गुरुजींचे जुने विद्यार्थी. वीस एकर रान, घरात माणसं भरपूर. त्यांना कुत्रं हवं होतं. रविवारी गुरुजींच्या मोटारीतून तिघं वालूरला गेले. म्हणजे गुरुजी, ताठे साहेब आणि मागच्या सीटवर, पण बराचसा पुढच्या सीटवर, ठिपक्या.

आबासाहेब त्या दिवशी रानातच होते, कारण त्यांना बोअर घ्यायचा होता. परमेश्वर नावाचा पाणाडी सकाळपासून तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरत होता. पाणी असलं की नारळ उभा राहतो. त्या दिवशी नारळ काही उभा राहिला नव्हता आणि परमेश्वर बांधावर बसून चहा पीत होता. ताठे साहेबांनी दोरी सोडली. आल्यापासून पहिल्यांदाच कुत्र्याला रान मिळालं. ते हरभऱ्यातून या बांधापासून त्या बांधापर्यंत दोनदा पळालं, आणि मग एकाएकी थांबलं. पुढचा एक पाय वर, शेपूट सरळ, नाक जमिनीकडं. अंगाला बारीक थरथर.

आबासाहेबांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"पाणी दाखवायलंय," ते हळूच म्हणाले.

पलीकडच्या रानात ज्वारीच्या मधोमध लाकडी माळा उभारलेला होता आणि त्यावर एक म्हातारी पाखरं राखत उभी होती. ती तिथून हात हलवून काहीतरी ओरडली, "लावरी हाय, लावरी." पण ती झुंबरबाई दिवसभर ओरडतच असायची; पाखरं राखणाऱ्या बाईचं ओरडणं कोण मनावर घेणार. आबासाहेब हात जोडून दोन पावलं पुढं झाले. त्यांच्या पायाजवळून दोन लावऱ्या भुर्रकन उडाल्या.

"पाखरं ओलाव्यालाच बसतेत," गुरुजींनी खुलासा केला. हे ते तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या आवाजात म्हणाले.

"आन् आपले ताठे साहेब भूजलचेच हायेत की," आबासाहेब म्हणाले. "म्हंजे हे खात्याचंच कुत्रं हाय म्हणा."

बोलायची वेळ हीच होती. हे पाखरांचं कुत्रं आहे, हे तिथं फक्त ताठे साहेबांना पक्कं माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण आबासाहेब कुत्र्याकडं ज्या डोळ्यांनी बघत होते, तसं त्या चोवीस दिवसांत त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. घर मिळतंय तर मिळू दे, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी तोंड मिटलं. सरकारी नोकरीत न बोलल्यामुळे कुणाचं नुकसान झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आबासाहेबांनी त्या जागेवर तीन दगड रचले आणि परमेश्वरचाच नारळ घेऊन फोडला. परमेश्वरनं त्यातलं खोबरं घेतलं नाही.

बुधवारी बोअर घेतला. एकशे चाळीस फुटांवर पाणी लागलं.

त्यानंतर ताठे साहेबांचा फोन थांबला नाही. कुत्र्याचा एक पाय उचललेला फोटो जिल्हाभर फिरला. राणीसावरगावहून एकानं विचारलं, की कुत्र्याला न्यायला जीप पाठवली तर कुत्र्यासोबत साहेबांनी आलंच पाहिजे का. एकानं कुत्र्याची रास विचारली. सेलूच्या गाडीत जागा मिळत नसे तिथं लोक सरकून बसायला लागले, आणि बसल्यावर आपल्या रानाचा नकाशा काढायला लागले. गुरुजींनी वहीत नोंद ठेवली. दोन दिवसांत कुत्र्याला घर द्यायला एक्केचाळीस जण तयार झाले, आणि बत्तीसच्या बत्तीस प्रश्न सगळ्यांनी भरले.

पहिला हक्क आबासाहेबांचा होता, म्हणून ताठे साहेब गुरुवारी अर्धी रजा टाकून जागा बघायला वालूरला गेले. गोठ्याशेजारी पत्र्याचं नवं शेड केलं होतं. त्यात सिमेंटचा कोबा, पाण्याचं भांडं आणि एक साखळी. साखळी बैलाची होती.

"आता ह्येला मोकळं सोडून कसं चालंल साहेब?" आबासाहेब म्हणाले. "लोक उचलून न्हेतील. फकस्त पाणी बघायच्या टायमाला सोडू."

"आन् एखाद्या जागेला पाणी न्हाई लागलं तर?"

आबासाहेबांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "एखाद्या जागेचं काय न्हाई. पण सारखंच व्हायला लागलं तर मंग ह्येचा काय उपेग?"

ताठे साहेब परत येताना एसटीच्या खिडकीतून देवगाव फाट्याकडं जाणारा रस्ता बघत राहिले. 'आलोच' म्हणून गेलेल्या माणसाचाही असाच काहीतरी हिशोब चुकला असणार, असं त्यांना वाटलं. आणि आपण गप्प बसून कुत्र्यासाठी आणखी एक खांब शोधला, हेही वाटलं. हे वाटणं इतकं वाईट होतं, की ते सेलूला उतरायचं विसरले आणि पुढच्या थांब्यावरून चालत आले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात टेबलावर ज्ञापन होतं. विषय: श्वानामार्फत भूजल स्थाननिश्चिती केल्याबाबत. 'आपण कोणतीही तांत्रिक अर्हता नसताना व सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता मौजे वालूर येथे श्वानाच्या साहाय्याने विंधन विहिरीची जागा निश्चित केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर श्वान या कार्यालयाचे असल्याचा समज जनतेत पसरला असून, कार्यालयीन साहित्याची जडसंग्रह नोंदवही तपासली असता त्यात सदर श्वानाची नोंद आढळून येत नाही. तरी आपला खुलासा विनाविलंब सादर करावा.' ताठे साहेबांनी ते दोनदा वाचलं. असली शेकडो ज्ञापनं त्यांनीच तयार केली होती. हा मसुदाही त्यांचाच होता, नाव तेवढं नवीन घातलेलं.

तक्रार केली होती परमेश्वर पाणाड्यानं, आणि वरिष्ठ भूवैज्ञानिक पंकजा मॅडम त्या तक्रारीपुढं डोकं धरून बसल्या होत्या.

"तो काय म्हणतो ऐका," त्या म्हणाल्या. "आपल्या खात्यानं त्याला अंधश्रद्धा म्हणून पत्र दिलं आणि आता स्वतः कुत्रं ठेवलं. कुत्र्याला चालतं तर नारळाला का नाही, असा त्याचा प्रश्न आहे. मला उत्तर सुचत नाही. ताठे, माझा तुमच्यावर विश्वास आहे, कुत्र्यावर नाही. रविवारी वालूरला जागेवर प्रात्यक्षिक घ्या, मी येते. पंचनामा करून प्रकरण बंद करू."

म्हणजे रविवारी पंचनामा आणि सोमवारी पिंजऱ्याची गाडी. खरं सांगितलं तर एक्केचाळीस घरं जाणार आणि गाडी येणार. गप्प राहिलं तर नोकरीवर बालंट, आणि कुत्रं बैलाच्या साखळीला. रविवारी सकाळी भक्ती परभणीहून आली. तिनं गुरुजींची वही वाचली, मग वडिलांकडं बघितलं.

"पप्पा, तुमाला तर माहीत होतं. मी सांगितलं होतं."

"होतं," ताठे साहेब म्हणाले. बायको चहा ओतायची थांबली. इतक्या वर्षांत त्यांनी आपली चूक एका शब्दात कबूल केलेली तिनं पहिल्यांदाच ऐकली होती.

वालूरच्या बांधावर सकाळी दहालाच गर्दी होती. आबासाहेबांनी मॅडमसाठी खुर्ची टाकली होती आणि त्यांना टॉवेल-टोपी द्यायचं घाटत होतं, ते भक्तीनं वेळीच थांबवलं. परमेश्वर नवा नारळ घेऊन एका बाजूला उभा होता. वहीतल्या एक्केचाळीसपैकी निम्मे जण तरी आलेले होते. नव्या बोअरचं पाणी पाटानं हरभऱ्यात चाललं होतं. ताठे साहेबांनी दोरी सोडली. ठिपक्या पळाला, वळला आणि थांबला. एक पाय वर. गर्दीतून समाधानाचा आवाज आला आणि कुणीतरी दगड उचलायला वाकला.

"थांबा," ताठे साहेब म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "तिथं पाणी न्हाई. तिथं लावरी हाय."

कुणाचाच विश्वास बसला नाही. खात्याचा माणूस आहे, फुकट सांगायचं नसेल, असं मागं कुणीतरी म्हणालं. मग ताठे साहेब इस्त्रीच्या पँटनं हरभऱ्यात शिरले, कुत्र्यापुढं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. लावरी उडाली. कुत्रं पुढं पळालं, पुन्हा थांबलं. पुन्हा टाळी, पुन्हा लावरी. चार वेळा असं झालं. पंकजा मॅडम प्रत्येक वेळी वहीत एक रेघ मारत होत्या. पाचव्या वेळी टाळी वाजवली आणि काहीच उडालं नाही. आणखी एकदा वाजवली. गर्दी सरकू लागली, आबासाहेब हात जोडू लागले. ताठे साहेबांच्या कानामागून घाम निथळला.

"वाकून बघा की सायेब," माळ्यावरून झुंबरबाई ओरडली. "पायापाशीच बसलीय."

ते वाकले. ती लावरी नव्हती, तितर होता, आणि तो फडफडाट करत थेट त्यांच्या चष्म्यावर आला. ताठे साहेब मागं सरले आणि पाटात बसले. पाट चांगला कमरेएवढा नव्हता, पण बसलेल्या माणसाला पुरेसा होता. त्या दिवशी वालूरला पाणी सापडलं ते एकट्या त्यांनाच.

गर्दी हसली असती तर बरं झालं असतं. लोक नुसते हळहळले आणि पांगले. राणीसावरगावचा माणूस जीपकडं गेला. आबासाहेबांनी कुत्र्याकडं एकदा बघितलं, ते भाव उतरलेल्या मालाकडं बघतात तसं, आणि खुर्ची उचलायला सांगितली. परमेश्वर पाणाडी जवळ आला आणि कुत्र्याला म्हणाला, "तुझा काय गुन्हा न्हाई बाबा." गुरुजींनी वहीवर एक मोठी काट मारली. मॅडमनी पंचनाम्यावर सही घेतली. कागद थोडा भिजला.

ताठे साहेब पाटाच्या कडेला तसेच ओले बसले होते. भक्तीनं त्यांचा हात धरला होता. ठिपक्या पहिल्यांदाच न पळता त्यांच्याशेजारी बसला आणि त्यांच्या कानातलं पाणी चाटू लागला. "उद्या गाडी येईल," ते म्हणाले, "आन् मी ह्येला देणार न्हाई. सुट्टी काढतो, पण देणार न्हाई." हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, पण तोंड आधीच ओलं असल्यानं त्यांना ते लपवावं लागलं नाही.

एवढ्यात झुंबरबाई माळ्यावरून उतरून बांधावर आली. सत्तरीच्या पुढची, काष्टा घातलेली, खांद्यावर गोफण.

"तुमाला नगं असंल तर मला द्या की," ती म्हणाली. "मी त्या दिवशीच बोंबलून सांगितलं, लावरी हाय म्हणून. सगळे खाली बघायले, वर कोण बघतंय. चाळीस वर्सं झाली मला पाखरं राखायला. आता खांदा वर जात न्हाई आन् नरडं बसलंय. पोरं-सुना ऊस तोडायला गेलेत, शिमग्याला येतील. ही तीन एकर ज्वारी, पलीकडं करडई. ह्ये पाखरू कुठं बसलंय ते दावतंय, आन् पळायला तर ह्येला सरकारनं रान आखून दिल्यावानी हाय."

भक्तीनं पिशवीतून अर्ज काढला. ताठे साहेबांनी ओल्या हातानं पेन घेतला आणि एकेक प्रश्न वाचत गेले. दिवसातून किती वेळ बांधणार? "बांधून घातल्यावर पाखरं कोण उठवंल?" पळायला जागा? तिनं हात फिरवून शिवार दाखवलं. तुम्ही गावाला गेलात तर? "मी कुठं जाती." ज्वारी निघाल्यावर? "पाखरं बारमाही हायेत." कुत्रं कुठं झोपेल? "माझ्यापाशी. दुसरं हाय कोण तिथं?" शेवटचा प्रश्न, हे कुत्रं कशासाठी हवं?

"मी वरडते ते कुणी आयकत न्हाई," ती म्हणाली. "ह्यो आयकतोय. मघाशी मी वरडले तवा मान वळवून बघितलं त्यानं. तुमी न्हाई बघितलं."

अंगठ्यासाठी शाईचा पॅड नव्हता म्हणून ताठे साहेब अडले. झुंबरबाईनं पेन ओढून घेतला आणि सावकाश, अक्षर अक्षर कोरत सही केली. कुत्र्याचं नाव तिनं तिथंच बदललं. तिच्या एका जुन्या बैलाचं नाव पाखऱ्या होतं, तेच त्याला दिलं.

ताठे साहेबांचा खुलासा मान्य झाला. सेवापुस्तकात नोंद पडली: 'श्वानप्रकरणी समज देण्यात आली.' ती नोंद त्यांनी स्वतःच्याच अक्षरात केली, कारण आस्थापना शाखेत दुसरं कुणी नव्हतं. सत्यशीलाबाईंचं पीठ मात्र अजून रोज उरतं आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. रविवारी ती भाकरी वालूरला जाते.

अर्जात एक अट आहे, की फॉस्टरनं सहा महिन्यांतून एकदा नव्या घराची पाहणी करावी. ताठे साहेब दर रविवारी करतात. नियमाचा अर्थ व्यापक लावायचा असतो, असं ते गुरुजींना सांगतात. पहिल्या रविवारी ते एसटीतून उतरून बांधावरून चालले होते. ज्वारीच्या कडेनं पाखऱ्या पळत होता, त्याच्या पुढं चिमण्यांचा थवा उठत होता, माळ्यावर झुंबरबाई हाताची घडी घालून निवांत उभी होती. वारा ताठे साहेबांच्या पाठीकडून होता.

कुत्रं एकदम थांबलं. मान वळली. एक पाय वर, शेपूट सरळ, अंगाला बारीक थरथर, आणि नाक बांधावरच्या राधाकिशन ताठे यांच्याकडं.

"तिथं काय सापडलं रं?" झुंबरबाईनं माळ्यावरून विचारलं.

ताठे साहेब भाकरीची पिशवी हातात घेऊन जागच्या जागी उभे राहिले. सत्तावीस वर्षांत कुणी त्यांना शोधलेलं नव्हतं, आणि ते हलायला तयार नव्हते.